समजा, एक शोभा आहे

निवृत्त झाल्यावर सध्या काय करता, असं कुणी विचारलं की मी म्हणते, “मोजते.” काय मोजता? “आशाताईंना मनाच्या आजारातलं किती कळतं, ते मोजते.” यावर समोरचा माणूस एकदा माझ्या तोंडाकडं बघतो आणि एकदा माझ्या पिशवीकडं. पिशवीत काटा-बिटा असणार असं त्याला वाटतं. येडशीच्या स्टेशनवर एका आजोबांनी तर सरळ विचारलं, “मग डोक्याला लावता काय बाई? टेप?”

त्यांचं तरी काय चुकलं? उभी नोकरी मी मोजण्यातच काढली. आधी नर्स, मग आरोग्य सहायिका, म्हणजे इतर नर्सबाईंच्या कामावर नजर ठेवणारी. बाळाचं वजन, बाईचं रक्त, दंडाचा घेर, ताप. काट्यावर दिसेल ते लिहायचं, त्यात वाद नाही. निवृत्तीनंतर धाराशिवला घरी बसले आणि सुनेच्या भाजीतलं तेल मोजायला लागले, तेव्हा मुलगाच म्हणाला, “आई, तू कायतरी काम बघ बाई.” त्याच सुमाराला पुण्याकडचे एक सर आपल्या जिल्ह्यात हा अभ्यास करायला आले होते. त्यांना इथले रस्ते आणि इथल्या बायका माहीत असलेलं माणूस हवं होतं. मी लगेच हो म्हटलं.

आशाताई म्हणजे कोण, हे शहरातल्या वाचकांसाठी सांगते. गावातलीच, गावानंच निवडलेली बाई. गरोदर बाईला दवाखान्यात नेणं, लेकरांच्या लसी, क्षयाच्या गोळ्या, डासांच्या अळ्या, कुणाच्या घरी कोण गेलं त्याची खबर, सगळं तिच्या गळ्यात. वरून जे येईल ते काम तिचं. आता वरून आलं की मनाच्या आजाराची माणसंही तिनंच ओळखायची आणि दवाखान्यात धाडायची. पण तिला स्वतःला त्यातलं किती कळतं? ते माहीत नसेल तर शिकवणार काय, कप्पाळ? म्हणून आधी मोजायचं, मग प्रशिक्षण द्यायचं, मग पुन्हा मोजायचं. एवढंच ते काम.

मोजायची रीत अशी. सरांनी काही गोष्टी लिहून दिल्या होत्या, त्या आम्ही वाचून दाखवायच्या. ‘समजा, शोभा नावाची एक बाई आहे. वय तिशीच्या आसपास. तिला लहान मुलं आहेत. काही आठवड्यांपासून तिला झोप नाही. जेवण जात नाही. कशात मन लागत नाही. आपण कुणाच्या उपयोगाच्या नाही, जगून काय करायचं, असं तिला वाटतं.’ मग विचारायचं, शोभाला काय झालंय? तिला कशानं बरं वाटेल? तुम्ही काय कराल? दुसरी गोष्ट एका तरुणाची होती, त्याला नसलेले आवाज ऐकू यायचे. तिसरी दारूची. तिसरीला कुणालाच अडचण आली नाही.

शोभाच्या गोष्टीचं उत्तर मात्र ठरलेलं. “टेन्शन हाय तिला.” आपल्या जिल्ह्यात टेन्शन हा एकच आजार आहे. झोप नाही, टेन्शन. पित्त झालं, टेन्शन. पोरगा दहावीला नापास झाला, टेन्शन. पास झाला तरी टेन्शन. सर म्हणाले, टेन्शन हे उत्तर धरायचं नाही, आजार ओळखता आला पाहिजे. मी म्हटलं, “सर, मग कोरी पानं घेऊन जाता का पुण्याला?” सर माझ्या मुलाच्या वयाचे, शांत माणूस. ते हसून म्हणाले, “मॅडम, पानं कोरी निघाली तर तेही मोजलेलंच असतं.” तेव्हा मला राग आला होता, नंतर पटलं.

तेरखेड्याच्या बाजूला एका ग्रामपंचायतीत आशाताईंना बोलावलं होतं. एकेकीला वेगळं विचारायचं, असा नियम. पण आशाताई हे माणूस एकटं काही करतच नाही. मीटिंगला एकत्र, मोर्चाला एकत्र, साड्या एकसारख्या, मग उत्तरं तेवढी वेगळी कशी देणार? मी एकीला समोर घेतलं आणि बाकीच्यांना लांब बसवलं, कुणी लिंबाखाली, कुणी पाण्याच्या टाकीजवळ. पहिलीचं झालं, ती बाहेर गेली, आणि मी दुसरीला हाक मारायच्या आत टाकीजवळून आवाज आला, “गं सुरेखा, झोप न येण्याला काय सांगितलंस?” लिंबाखालून उत्तर आलं, “थायरॉइड!” झालं. त्या दिवशी त्या गावात सगळ्यांनी शोभाला थायरॉइड सांगितला. मी हसावं की रडावं? सरांना फोन लावला आणि म्हटलं, हे गाव पुन्हा करावं लागणार.

आणखी एक प्रश्न असायचा. मनाचा आजार झालेली मुलगी तुम्ही सून म्हणून कराल का? एक आशाताई म्हणाली, “जाणूनबुजून कोण करंल मॅडम? पण केल्यावर झाला, तर कुठं टाकून द्यायची का तिला?” कागदावर ‘हो’ आणि ‘नाही’ एवढ्याच चौकटी. तिनं आधी ‘नाही’च्या बाजूचं सांगितलं म्हणून मी ‘नाही’वर खूण केली, पण बराच वेळ पेन हातात तसाच धरून बसले होते.

अशी उत्तरं ऐकून कुणाला वाटेल की खेड्यातल्या बाईला सगळं आपोआपच कळतं. तसं काही नाही बरं का. लग्न लावून द्या म्हणजे पोरगा सुधारेल, म्हणणाऱ्या निघाल्या. मीठ-मिरच्या उतरून टाका, म्हणणाऱ्या निघाल्या. एकीनं तर आवाज ऐकू येणाऱ्या तरुणाला कानाच्या डॉक्टरकडं धाडलं. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला आणि लिहून घेतलं. तिथल्या तिथं शिकवायला आम्हाला बंदी होती. शिकवलं की मोजमाप बिघडतं. जन्मभर बायकांना समजावून सांगण्यात तोंड झिजवलेल्या माणसाला गप्प बसायला लावलं, हा त्या सरांनी माझ्यावर केलेला मोठाच अन्याय.

आता मंगलची गोष्ट सांगते. मंगल ही येरमाळ्याच्या पुढं, हायवे सोडून आत असलेल्या एका गावची आशा. गाव सांगत नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत. खरं तर नाव बदलण्याच्या या सवयीनंच पुढचा घोटाळा केला.

मंगलला मी नोकरीत असल्यापासून ओळखत होते. चाळिशीची, काटक, आवाज खणखणीत. काम एकदा अंगावर घेतलं की सोडणार नाही, आणि गैरसमज एकदा झाला की तोही सोडणार नाही. तिच्या गावच्या अंगणवाडीत बसून मी तिला शोभाची गोष्ट वाचून दाखवली. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. म्हणाली, “मॅडम, कुण्या गावची ही?”

“कुठल्याच नाही गं. समजा म्हटलंय ना.”

“व्हय व्हय. समजा.” तिनं मान हलवली. मग बाकीच्या प्रश्नांची उत्तरं तिनं भराभर देऊन टाकली. काय कराल? डॉक्टरकडं नेईन. मी खूण केली आणि दुसऱ्या गावाला गेले.

तिच्या त्या मान हलवण्याचा अर्थ कळायला आमच्या खात्याची एक पद्धत माहीत पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्याची मीटिंग असते. कुठल्या गावात एखादी बाळंतीण दगावली, एखादं लेकरू गेलं, की त्याची चर्चा तिथं होते. कुणाची बदनामी नको म्हणून साहेब नाव-गाव सांगत नाहीत. ते सुरुवात करतात, “समजा, एका गावात सीता नावाची एक गरोदर बाई आहे...” की लगेच सगळ्या आशाताई एकमेकींकडं बघायला लागतात. ही कुणाची सीता? तिला उशिरा आणलं कुणी? गोष्ट संपेपर्यंत एकीच्या डोळ्याला पदर लागलेला असतो आणि कुणाची ते सगळ्यांना कळलेलं असतं. म्हणजे आमच्याकडं ‘समजा’ याचा अर्थ ‘तुझ्या गावात घडलंय, तुला पत्ता नाही, आणि वर कळलंय’ असा होतो. पुण्याच्या सरांना हे कुठून माहीत असणार! आणि मी त्या मीटिंगांत इतकी वर्षं बसले, तरी कागद वाचताना मलाही ते सुचलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी धाराशिवला घरी शेंगा फोडत बसले होते. मंगलचा फोन आला. धापा टाकत म्हणाली, “मॅडम, शोभा सापडली!”

“कोण शोभा?”

“तुमची शोभा! आमच्याच गावात हाय. पण मॅडम, लई घोटाळा झाला. मला कामावरून काढायलेत.”

मी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि दुपारची एसटी धरून येरमाळ्याला गेले. मंगल स्टँडवर उभी होती. तिथल्याच हॉटेलात तिला बसवलं, चहा सांगितला आणि म्हटलं, पहिल्यापासून बोल.

तिनं जे केलं ते ऐकून माझं डोकंच तापलं. ही बया घरोघर फिरली होती. डासांच्या अळ्या बघायचं काम चालू होतंच, त्यातच हिनं शोभाचा शोध चालू केला. रांजणात वाकून बघायचं आणि तिथूनच घरात खणखणीत आवाजात विचारायचं, “घरात कुणाला झोप येईना का? कुणाला जगू नये वाटतंय का?” एका म्हाताऱ्यानं बाजेवरून सांगितलं, “लाइटबिल आलं की मला वाटतंय.” बाकीचे काही हसले, काही चिडले. असं करत करत ती अण्णांच्या घरी पोचली.

अण्णा म्हणजे गावातले मोठे शेतकरी. ऊस, सोयाबीन, दारात चारचाकी, गावात शब्दाला वजन. मुलगा पुण्याला कंपनीत, सून उर्मिला बाळंतपणानंतर इथं सासरी आलेली, बाळ काही महिन्यांचं. मंगलनं दारातून तोच प्रश्न विचारला, तेव्हा अंगणात ऊस नेणारी माणसं बसली होती. उर्मिलाची सासू, तिला गावात सगळे काकू म्हणतात, तरातरा बाहेर आली आणि म्हणाली, “माझी सून खाती-पिती चांगली हाय. तुझं तूच बघ!” दार धाडकन लागलं. दोन दिवसांत गावभर झालं की आशाबाईकडं कागद आलाय आणि अण्णांची सून येडी झालीय. उर्मिलाच्या माहेरापर्यंत बातमी गेली. अण्णांनी जाहीर केलं की येत्या ग्रामसभेत ठराव घेणार आणि मंगलला आशाच्या कामावरून काढणार. गावानं निवडलेली बाई गाव काढू शकतं.

“अगं भवाने,” मी म्हटलं, “तुला सांगितलं होतं ना ती कागदावरची बाई आहे म्हणून! आणि असलं दारात उभं राहून विचारतात का? घरात पाळी चुकली का हे तरी तू ओरडून विचारतेस का?”

“चुकलं मॅडम.” ती खाली बघून बोलत होती. “मला वाटलं, वर समद्यांला ठाव हाय आन मलाच ठाव न्हाय. उद्या कायबाय झालं तर तोंड काय दाखवू? पण मॅडम, एक ऐका. लसीच्या दिवशी उर्मिला बाळाला घेऊन अंगणवाडीत आली. समद्या बाया गेल्यावर मागं थांबली. मला म्हणली, ताई, तुम्ही त्या दिवशी इचारलं ना, ते मला हाय.”

“काय म्हणाली?”

“म्हणली, बाळ झाल्यापासनं जगूच वाटंना. बाळ रडतंय ते ऐकू येतंय पण हात उचलंना. आन म्हणली, कुणाला सांगू नका, माझं घर मोडंल.” मंगलनं पदरानं तोंड पुसलं. “तुमाला सांगितलं ते बी पाप केलं बघा म्या.”

इतक्या बाळंतिणी मी तपासल्या. अंगावरून जातं का, ताप आहे का, टाके कसे आहेत, बाळ ओढतं का, सगळं विचारलं. रात्री झोप लागते का, असं एकीलाही विचारल्याचं आठवेना. आमच्या वेळी ते कुणी विचारतच नव्हतं. वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली. असं बोलणाऱ्या बाईला चार दिवस जाऊ दे म्हणून सोडता येत नाही, एवढं मला या कामात पुरतं कळलं होतं.

अडचण अशी होती की मंगलची नोकरी वाचवायला मला फक्त खरं सांगायचं होतं. शोभा नावाची बाई नाही, मंगलचा गैरसमज झाला, तुमची सून ठणठणीत आहे, मिटलं. पण तसं मिटलं की उर्मिलासाठी दार कायमचं बंद. पुन्हा त्या घरात तिच्या मनाचं नाव कोण काढणार? दोन्ही साधायचं म्हणून मी नर्सबाईंची जुनी युक्ती काढली. अण्णांना शोभाचं सांगायचं, आणि जाता जाता म्हणायचं की सून अशक्त दिसते, रक्त तपासायला धाराशिवला नेते. एकदा दवाखान्यात नेली की पुढचं डॉक्टर बघतील. मंगललाही ते पटलं आणि आम्ही तशाच तिच्या गावाला निघालो.

अण्णांच्या घरी मी नोकरीत नवी असताना पहिल्यांदा गेले, तेव्हा मला ओसरीच्या कडेला बसवलं होतं आणि चहाचा कप माझा वेगळा होता, चहा पिऊन मीच विसळून पालथा घालायचा. आता आतल्या खोलीत सोफ्यावर बसवलं आणि कप सेटमधला आला. मी कुणाची हे त्यांना तेव्हाही माहीत होतं आणि आताही आहे. असो, तो विषय आजचा नाही.

अण्णा रागानं लाल झाले होते. “मॅडम, तुम्ही जुनं माणूस म्हणून घरात घेतलं. आमची इज्जत घालवली ह्या बाईनं. पोरीच्या माहेरून फोन आला, आमच्या लेकीला येडी ठरवली का म्हणून. काय उत्तर द्यावं म्या?”

काकू दाराला टेकून उभ्या होत्या. उर्मिला आत होती, बाळाचा आवाज येत होता. मंगल सोफा सोडून खाली सतरंजीवर बसली होती.

मी सगळं समजावून सांगितलं. कागद, गोष्टी, सर, मोजमाप. शोभा नावाची बाई जगात नाही आणि मंगल तिला हुडकत फिरली. अण्णा माझ्याकडं बघतच राहिले आणि मग खो खो हसायला लागले. “म्हंजी नसलेली बाई हुडकीत हिंडली व्हय ही? आयला! मग मिटलं की मॅडम! हिनं ग्रामसभेत एवढंच म्हणावं, अण्णाच्या सुनेला काय झालेलं न्हाय, माझी चूक झाली. ठराव-बिराव काय न्हाय. आपलीच पोरगी हाय ही बी.”

मी लगेच माझं घोडं पुढं दामटलं. “बरोबर आहे अण्णा. आणि आलेच आहे तर सुनेचं रक्त तपासून घेते म्हणते. उद्या धाराशिवला—”

“कशाला?” अण्णांचं हसू थांबलं. “काय झालं न्हाय म्हणता आन धाराशिवला नेता? गाव काय म्हणंल? बिलकुल न्यायचं न्हाय.”

माझी जुनी युक्ती तिथंच आडवी झाली. माझ्याच बोलण्यात मी अडकले होते. अण्णा मंगलकडं वळले. “म्हण की मग. आत्ता म्हण, मॅडमच्या म्होरं.”

मंगलच्या नवऱ्याला बारमाही काम नाही, मुली शाळेत, घर तिच्या कामावर चालतं. हे अण्णांना माहीत होतं आणि मलाही.

“अण्णा, दारात उभं राहून ओरडून इचारलं ते चुकलंच माझं,” ती म्हणाली. “त्याची माफी मागते. ग्रामसभेत बी मागते. पण सुनेला काय झालं न्हाय, आसं म्या म्हणणार न्हाय.”

“म्हंजी झालंय?”

“ते बी म्या म्हणणार न्हाय.”

“मंगल, ठराव हुईल बघ.”

“हुंद्या,” मंगल म्हणाली आणि रडायला लागली.

मी काही बोलणार तेवढ्यात आतल्या दारात उर्मिला आली. काखेला बाळ, केस विंचरलेले नाहीत. काकूंनी बाजूला होत तिच्याकडं बघितलं. ती सासऱ्यांना म्हणाली, “मामा, मंगलताईला काढू नका. म्याच सांगितलं त्यांना.”

“काय सांगितलं?”

“मला जगू वाटंना म्हणून.” दूध संपलंय म्हणून सांगावं तशा आवाजात ती बोलत होती. “बाळ झाल्यापासनं. झोप न्हाय. काय बी चांगलं वाटत न्हाय. ह्याच्याकडं बघून बी वाटत न्हाय. म्या लई परयत्न केला मामा.”

“आत जा,” अण्णा म्हणाले.

ती गेली नाही. तिथंच उभी राहिली.

“ती रातभर जागी असती,” काकू म्हणाल्या. “मला ठाव हाय.”

“तुला कसं ठाव?” अण्णा खेकसले.

“म्या बी जागीच असते की.”

त्यांच्या त्या बोलण्याकडं आम्ही कुणी लक्ष दिलं नाही. सगळ्यांचं लक्ष उर्मिलाकडं होतं. काकू माझ्यासमोर येऊन बसल्या. पहिल्या दिवशी मंगलच्या तोंडावर दार लावणारी हीच बाई, मला वाटलं आता माझी खैर नाही. पण त्यांनी हळू आवाजात विचारलं, “बाई, तुमची ती शोभा... बरी झाली का मग?”

मी म्हटलं, “अहो, ती नाहीच आहे. पण अशा बायका बऱ्या होतात. औषध असतं याला. काही महिने घ्यावं लागतं, डॉक्टर बोलतात, होतात बऱ्या. मी बघितल्यात.”

“गोळ्या चालू असताना लेकराला पाजता येतंय का?”

“डॉक्टर ते बघूनच गोळ्या देतात.”

काकूंनी उर्मिलाच्या काखेतून बाळ घेतलं. “मग उद्या कशाला, आत्ताच चला.”

“अगं, पण गाव—” अण्णा म्हणाले.

“गाव काय रातचं उशाला येऊन बसतंय का?”

आज निघालो तरी ओपीडी उघडी मिळणार नाही, सकाळी लवकर जाऊ, हे मी समजावून सांगितलं. एवढं मात्र बजावलं की रात्री उर्मिलाला एकटीला ठेवायचं नाही. “माझ्यापशी निजंल,” काकू म्हणाल्या. अण्णा उठून बाहेर गेले. चिडून गेले असं मला वाटलं. पण मला येरमाळ्याला एसटीपर्यंत सोडायला ते स्वतः गाडी घेऊन आले, आणि मी उतरताना म्हणाले, “सकाळी किती वाजता आणू पोरीला?” ग्रामसभेत तो ठराव आलाच नाही, हेही इथंच सांगून टाकते. मंगल अजून आशाच आहे आणि अळ्या बघताना आता तोंड बंद ठेवते.

सकाळी धाराशिवला सरकारी दवाखान्यात मनोविकाराच्या ओपीडीपुढं मी त्यांची वाट बघत उभी होते. उर्मिला, काकू आणि बाळाला काखेला घेतलेली मंगल आल्या. अण्णा गाडीतच बसून राहिले, आत यायचा धीर त्यांना झाला नाही. मी त्यांना आग्रह केला नाही. डॉक्टरबाई तरुण होत्या. उर्मिलाला एकटीला आत घेऊन त्या बराच वेळ बोलल्या, मग आम्हाला बोलावलं. बाळंतपणानंतर असं काही बायकांना होतं, त्यात हिचा दोष नाही, बाळाचाही नाही, हे त्यांनी काकूंना नीट सांगितलं. गोळ्या कशा घ्यायच्या, परत कधी यायचं, मध्येच जास्त त्रास वाटला तर कुठं फोन करायचा, सगळं सांगितलं. मंगलनं ते दोनदा विचारून घेतलं. काकू मान हलवत ऐकत होत्या, पण त्यांचे डोळे डॉक्टरबाईंच्या तोंडावरून हलत नव्हते.

उर्मिला स्टुलावरून उठली. डॉक्टरबाईंनी पुढच्या पेशंटला हाक मारली. आणि काकू त्या रिकाम्या स्टुलावर बसल्या.

“काकू, चला की,” मंगल म्हणाली. “झालं आपलं.”

“हिचं झालं,” काकू म्हणाल्या. “आता मला बघा म्हणावं.”

डॉक्टरबाईंनी विचारलं, “तुम्हाला काय होतंय मावशी?”

“हिला हुतंय तेच.”

“कधीपासून?”

काकूंनी खिडकीतून बाहेर गाडीकडं एकदा बघितलं. मग उर्मिलाकडं बोट केलं आणि म्हणाल्या, “हिचा नवरा माझ्या पोटी जन्मला, तवापासनं.”

उर्मिलानं पुढं होऊन सासूच्या खांद्यावर हात ठेवला. मंगलनं बाळ माझ्याकडं दिलं आणि काकूंच्या नावाचा दुसरा केसपेपर काढायला ती बाहेरच्या काउंटरकडं गेली.